‘जैसी’ म्हणणारी आई

4 जून 2023 च्या संध्याकाळी आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप गटावर बातमी आली, सुलोचनाबाई गेल्या. खाली फोटो होता तो लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांचा. त्या बिचाऱ्या आदल्या डिसेंबरातच गेल्या होत्या. तरी पंधरा-वीस जणांनी हात जोडले, फुलं वाहिली. मग निपाणीच्या एका मावसभावानं लिहिलं, ‘अरे या नव्हेत, त्या आई.’ तेवढ्यानं सगळ्यांना कळलं, की या सिनेमातल्या आई, सुलोचना लाटकर. फोटो बदलला, फुलं पुन्हा वाहिली गेली. (मूकपटांच्या काळात रूबी मायर्स नावाची नटी सुलोचना याच नावानं गाजली होती. तिचा फोटो आला नाही हे नशीब.)

‘त्या आई’ एवढंच सांगून ओळख पटावी, हा नटीचा विजय म्हणायचा की पराभव, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पण ज्या मातीत ती जन्मली त्या मातीनं तरी तिला एवढ्यावर सोडू नये, असं तेव्हापासून वाटतंय.

सुलोचना लाटकर यांचा जन्म 30 जुलै 1928 चा, खडकलाटचा. खडकलाट निपाणीजवळ, जुन्या चिक्कोडी तालुक्यातलं, बेळगाव जिल्ह्यातलं. त्या गेल्या तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत ‘कोल्हापूरच्या मातीतली अभिनेत्री’ असं आलं, इकडे कुणी ‘कर्नाटकात जन्मलेली’ म्हणालं. दोघांचंही चुकलं असं नाही. पण 1928 साली ना महाराष्ट्र होता ना कर्नाटक. आमचा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि पलीकडे कोल्हापूर संस्थान. हद्द तेव्हाही होतीच, फक्त ती ओलांडताना कुणी अडवत नव्हतं. खडकलाटच्या मुलीला सिनेमात जायचं तर वाट कोल्हापूरची, हे तेव्हा बाजाराला जाण्याइतकं साधं होतं. ती तिथं मास्टर विनायकांच्या कंपनीत गेली, 1943 च्या ‘चिमुकला संसार’मध्ये छोटं काम केलं, आणि कंपनी मुंबईला हलल्यावर भालजी पेंढारकरांकडे आली. ‘सुलोचना’ हे नाव भालजींचं. आज त्याच वाटेवर, दोन राज्यांच्या हद्दीला, कोगनोळीचा नाका आहे. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला तेव्हा दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या होत्या आणि पोलिसांच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या. त्यानंतर सहा महिन्यांनी सुलोचनाबाई गेल्या, आणि हक्क सांगायला दोन्ही बाजू हजर.

आपण सीमाभागातले लोक. हक्क सांगणं आम्हाला बाळकडूत मिळालंय. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावं असं 1967 मध्ये लिहिलं, ते कुणी मानलं कुणी नाही, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. त्यामुळे एखादं मोठं नाव दिसलं की ते कुणाचं, हा प्रश्न आधी तोंडात येतो. त्या नावानं केलं काय, हा प्रश्न नंतर येतो किंवा येतच नाही. सुलोचनाबाईंचं तेच झालंय. ‘आमच्या खडकलाटच्या’ म्हणताना आमची छाती फुगते. पुढे काय, तर आई.

आता हे ‘आई’ प्रकरण जरा हिशेबानं बघू. 1959 साली ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या. शम्मी कपूर 1931 चा, म्हणजे आई मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठी. 1970 च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंद आणि प्राण हे दोघे त्यांचे मुलगे. देव आनंद 1923 चा, प्राण 1920 चा. म्हणजे धाकटा मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि थोरला आठ! आमची आत्या हे ऐकून म्हणाली, ‘बाई गं, मग त्या दोघांनी हिलाच मांडीवर घ्यायला पायजे हुतं की.’ विनोद सोडा. तिशीतल्या नटीचे केस पांढरे करायचे आणि तिच्याहून वयानं मोठ्या नटाला झाडाभोवती पळवायचं, ही त्या धंद्याची रीत होती. धारवाडला जन्मलेल्या लीला चिटणीस अशोककुमारांच्या नायिका होत्या, आणि त्यांनाही पुढे आईच व्हावं लागलं. आमच्या या टापूनं हिंदी सिनेमाला दोन आया पुरवल्या, असं कुणी कौतुकानं म्हणतं तेव्हा मला ते कौतुक वाटत नाही. नायिका दोन होत्या, त्यांच्या आया केल्या गेल्या.

मराठीत तरी त्यांना मुख्य कामं मिळाली. भालजींच्या ‘सासुरवास’पासून नायिका, मग ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘मोलकरीण’, ‘एकटी’. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्यांचे कारखाने. हजारो बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. ‘मोलकरीण’ची गोष्ट अशी की पोटच्या मुलाच्याच घरी आई मोलकरीण म्हणून राबते. विड्या वळून पोरगं शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडच्या बायका सुलोचनाबाईंचा सिनेमा बघायला पदराचं टोक ओलं करायच्या तयारीनंच जायच्या. या रडण्याला मी हसणार नाही. पण त्या रडण्यानंच सुलोचनाबाईंना सोसणारी, पोटाला चिमटा घेणारी, कधी न चुकणारी आई करून टाकलं. त्यात 1964 ला ‘मराठा तितुका मेळवावा’ आला आणि त्या जिजाऊ झाल्या. त्यानंतर प्रश्नच मिटला. आमच्या घरात कितीतरी वर्षं जिजाऊंचा चेहरा म्हणजे सुलोचनाबाईंचाच चेहरा होता. सिनेमाचं नाव रामदासांच्या ओळीचं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, आणि मराठा तितुका मेळवावा म्हणणाऱ्या त्या दिवसांत आम्ही मात्र मेळवायचे राहून गेलो होतो. म्हणून तर ती जिजाऊ आम्हाला जास्त लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सीमाभागानं सुलोचनाबाईंना जिजाऊसाठी आठवायची गरज नाही. ते काम सगळा महाराष्ट्र करतोच आहे. आपण त्यांना चारूसाठी आठवावं.

चारू म्हणजे ‘सुजाता’तली आई. बिमल रॉय यांचा हा 1959 चा चित्रपट. नूतन सुजाता, सुनील दत्त अधीर, शशिकला रमा, तरुण बोस वडील आणि सुलोचनाबाई चारू. म्हटलं तर दुय्यम भूमिका. इंजिनिअरच्या घरी पटकीत आईबाप गेलेली एक अस्पृश्य तान्ही पोर येऊन पडते. आज पाठवू, उद्या पाठवू म्हणता म्हणता ती तिथंच वाढते. घरची मुलगी रमा, आणि ही सुजाता. रमा शिकते, सुजाता घर सांभाळते. आल्यागेल्यानं विचारलं, ही कोण, की चारू सांगते, ‘हमारी बेटी जैसी है.’

बेटी नाही, बेटी जैसी. या ‘जैसी’वर अख्खा चित्रपट उभा आहे.

त्याच चित्रपटात ललिता पवार आहेत. त्या जुन्या वळणाच्या, सोवळ्यातल्या, तोंडानं उघड शिवाशिव बोलणाऱ्या. त्यांचा राग करायला प्रेक्षकाला काही त्रास पडत नाही. त्या वर्षीचं फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिकही ललिता पवारांनाच मिळालं, पण ते ‘अनाडी’तल्या मिसेस डिसांसाठी, आणि ते योग्यच होतं. सुलोचनाबाईंचं काम मात्र पारितोषिकात मावणारं नव्हतं. त्या ‘जैसी’ हा शब्द दुष्टपणे म्हणत नाहीत. अवघडून म्हणतात असंही नाही. त्या तो इतक्या सहज, इतक्या मायेनं म्हणतात, की पहिल्यांदा बघताना तो कानावरून निघून जातो. चारू वाईट बाई नाही. पोरीला जेवू घालते, कपडे करते, आजारात उशाशी बसते. फक्त ती एक अक्षर सोडायला तयार नाही. हे करणं फार अवघड आहे. खलनायिका करायची तर भुवया उंचावता येतात. मायाळू बाईतला नकार दाखवायचा तर दाखवायला हातात काहीच नसतं, सगळं आवाजाच्या घरंगळण्यात. तेव्हा सुलोचनाबाई तीस-एकतीस वर्षांच्या, नूतन बावीस-तेवीसच्या. पडद्यावर आई-मुलगी असलेल्या दोघींत खरं अंतर आठ वर्षांचं. ते कुठं जाणवत नाही.

आणि मग अधीर रमाऐवजी सुजाताला मागणी घालतो, तेव्हा चारूचा तोल जातो. इतकी वर्षं मायेखाली झाकलेलं सगळं बाहेर येतं. सुलोचनाबाईंचा रागावलेला चेहरा ज्यांनी बघितला नसेल त्यांनी तो बघावा. हीच ती जिजाऊ, हीच ती मोलकरीण, आणि जात आडवी आली की हीच ती अशी बोलू शकते.

‘जैसी’ हा शब्द आम्हा सीमावासीयांना नवा नाही. आपण वर्षानुवर्षं हेच ऐकत आलोय. मुंबईच्या व्यासपीठावरून प्रत्येक नेता म्हणतो, सीमाभागातले मराठी आमचेच. मग पोराच्या प्रवेशाला, नोकरीला, सवलतीला गेलं की आधी बघतात, आपलं गाव महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या त्या 865 गावांच्या यादीत आहे का, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आहे का, तो कन्नडमध्ये असेल तर भाषांतर आहे का. बेंगळुरूला गेलं तर तिथं आम्ही मराठी बोलणारे, पुण्याला गेलं तर ‘तुमचं मराठी जरा कानडीसारखं वाटतं हं.’ आम्ही ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणतो म्हणून पुण्यात माझ्या एका मैत्रिणीला वर्गात कुणीतरी विचारलं होतं, खोटं काय आहे मग? तर हे ‘सारखं’ म्हणवून घेण्यातलं दुखणं आम्हाला नीट ठाऊक आहे. बेटी जैसी म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला कळावं?

हे लिहिताना मलाच माझी शंका आली. कारण आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा नेहमी सुजाता होऊन सांगतो. चारू कधीच होत नाही.

आमच्या आजोळी गोठ्याचं काम करायला एक बाई यायच्या. आम्ही पोरं त्यांना अक्का म्हणायचो. गोठा झाडून झाला की त्या पडवीच्या खालच्या पायरीवर बसत. चहा आजीच वरून ओते, त्यांच्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असे, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो त्यांनीच घ्यायचा, त्यांनीच विसळायचा, त्यांनीच पालथा घालायचा. मी एकदा खेळताना तो घरात आणला, तर आजी ओरडली नाही. तिनं तो माझ्या हातातून हळूच काढून परत ठेवला आणि माझे हात धुतले. काही बोललीसुद्धा नाही. ‘सुजाता’ बघताना मला आठवली ती आजीच. तोच हळुवार हात. परवा आत्याला विचारलं, त्या अक्का कशा होत्या गं? आत्या म्हणाली, ‘घरच्यासारखीच हुती की ती. सणाला पयलं ताट तिलाच जायाचं.’

आत्या खोटं बोलत नव्हती. चारूही खोटं बोलत नाही.

या मुलखाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. डिसेंबर 1924 ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, ते इथं, आणि अस्पृश्यतेबद्दल बोलून गेले. त्यानंतर चार महिन्यांत, एप्रिल 1925 ला, निपाणीत बहिष्कृतांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर आले. आमच्या दारात हे दोघे चार महिन्यांच्या अंतरानं येऊन बोलून गेले, आणि तरी तो कप माझ्या लहानपणापर्यंत कोनाड्यात राहिला. खडकलाटची ती मुलगी या दोन्ही घटनांनंतर तीन-चार वर्षांनी जन्मली. तिच्या लहानपणी अशा कोनाड्यांना काय तोटा असणार? ‘जैसी’ कशी म्हणायची हे तिला बिमल रॉयनी शिकवलं असेल, नाही असं नाही. पण मला राहून राहून वाटतं, की तो स्वर तिनं इथंच ऐकला असावा. हा माझा अंदाज. पुरावा मागू नका.

मराठी अस्मितेच्या सभांतही हा कोनाडा कुणी काढत नाही. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत सगळे एकत्र चालतात, घोषणा एकच असते. फेरी संपली की जो तो आपापल्या गल्लीत. कानडी शेजाऱ्याबद्दल तर आम्ही म्हणतोच, ‘माणूस चांगला, अगदी आपल्यासारखा.’ त्याच्या घरी आईला अव्वा म्हणतात, तायी म्हणतात, आणि आम्ही थोरल्या बहिणीला ताई म्हणतो. शब्दांनी केव्हाच सोयरीक केली, माणसं अजून ‘सारखा’वर अडलीत.

‘सुजाता’ हा चित्रपट निर्दोष आहे असं माझं मत नाही. शेवटी चारू जखमी होते, रक्त लागतं, घरात कुणाचंच जुळत नाही, जुळतं ते सुजाताचं. ते घेऊन चारू वाचते, आणि मग सुजाता ‘बेटी’ होते. मला हा शेवट कधी पचला नाही. रक्त दिलं म्हणून मुलगी? म्हणजे सोळा-सतरा वर्षं घर झाडलं, भांडी घासली, बागेतली फुलं जपली, ते कमी पडलं? अंगातलं रक्त मोजून दिल्यावर पावती मिळाली? उद्या रक्त जुळलं नसतं तर? अस्पृश्य मुलीनं आपली लायकी सिद्ध करायची आणि सवर्ण आईनं ती मान्य करायची, हा व्यवहार उलटा आहे. त्या काळी प्रेक्षकांना एवढंच झेपलं असतं, असं कुणी म्हणेल. असेल. आज मात्र तो शेवट दाखवून दिवे लावायचे आणि ‘बघा कसा बदल झाला’ म्हणायचं, हे करू नये. चर्चा तिथंच सुरू व्हावी.

मी हे बोलले तेव्हा आमच्याकडच्या एका जाणत्या कार्यकर्त्यानं तोंड वाकडं केलं. ‘आपल्या भागातली एवढी मोठी बाई, पद्मश्री, महाराष्ट्र भूषण, आणि तुम्ही तिला जातीवाद करणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी आठवायचं म्हणता? बाहेर काय नाव होईल?’ त्यांचं म्हणणं मी समजू शकते. आधीच सीमाभागाला कोण विचारतं, त्यात आपलीच धुणी आपण चव्हाट्यावर का धुवायची. पण नटाला त्याच्या भूमिकेतल्या गुणांसाठी आठवायचं असेल तर मग निळू फुलेंना आपण कशासाठी आठवतो? त्यांनी रंगवलेल्या सरपंचांचा, पाटलांचा इतका राग यायचा की बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, आणि माणूस होता राष्ट्र सेवा दलातला. तिथं आपण नट आणि भूमिका वेगळी करू शकतो. सुलोचनाबाईंच्या बाबतीत का करत नाही? कारण त्यांना आपण नटी म्हणून बघितलंच नाही, आई म्हणून बघितलं. आईनं चुकीचं वागलेलं कुणाला बघवत नाही.

त्यामुळे मला वाटतं, ‘आई’ म्हणून त्यांचा जो गौरव होतो त्यात त्यांच्या कलेचा थोडा अपमानच आहे. जणू त्या कॅमेऱ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या आणि वात्सल्य आपोआप पाझरलं. चारूकडे बघितलं की कळतं, पाझरत काही नव्हतं. ठरवून, मोजून, दाबून केलेलं काम होतं ते.

गावात बोलणं निघालं की पहिली सूचना पुतळ्याची येते. पुतळ्याचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. 2020 च्या ऑगस्टात आमच्याच जिल्ह्यातल्या मणगुत्तीत आणि पिरनवाडीत पुतळ्यांवरून काय झालं ते आठवा. एका ठिकाणी शिवाजी महाराजांचा पुतळा, दुसऱ्या ठिकाणी संगोळ्ळी रायण्णांचा. महाराज मोगलांशी लढलेले, रायण्णा इंग्रजांशी, आणि त्यांच्या नावानं आपण पोलीस बंदोबस्तात. सुलोचनाबाईंचा पुतळा झाला तर त्याच्या पायथ्याला मराठी पाटी वर की कन्नड पाटी वर, यावर पहिल्याच दिवशी दगड पडतील. चौकाला नाव दिलं तर तेच.

त्यापेक्षा वर्षातून एकदा ‘सुजाता’ लावा. पडदा, प्रोजेक्टर, दोन भोंगे, एवढ्यात भागतं. जत्रेत ऑर्केस्ट्रावर जेवढे पैसे जातात त्याचा दहावा भागसुद्धा लागणार नाही. चित्रपट संपल्यावर भाषण नको, पाहुणा नको, शाल-नारळ तर नकोच. विडी कारखान्यात काम केलेल्या दोन म्हाताऱ्या, समाजमंदिरातली कुणी शिकलेली पोर, आणि आमच्या आत्यासारखी एखादी, यांना माईक द्यावा आणि विचारावं, चारूचं चुकलं कुठं? भांडण होईल. होऊ द्यावं. पुतळ्यावरच्या भांडणापेक्षा हे भांडण परवडलं.

आता तारखेची अडचण आहे. पुण्यतिथी 4 जूनची, तेव्हा मृगाची चाहूल, पेरणीची घाई, कुणी येणार नाही. जयंती 30 जुलैची, तेव्हा वेदगंगा-दूधगंगा दोन्ही काठ सोडून वाहत असतात आणि उघड्यावर पडदा टिकायचा नाही. तेव्हा तारीख सोडून द्यावी आणि सुगी झाल्यावर, माघाच्या थंडीत एखाद्या रात्री करावं. चित्रपट हिंदी आहे, त्यामुळे कुठल्या भाषेत हा वाद उद्भवत नाही. जागा मात्र कानडी शाळेकडे मागावी लागेल. आमच्या मराठी शाळेच्या मैदानात निम्म्या जागेत नव्या खोल्या झाल्यात, त्यांचं मैदान मोठं आहे.